जयरामभाऊंचे हात

जयरामभाऊ कुठल्याही वस्तूला ‘स्वच्छ’ म्हणत नसत. ज्या माणसाची तीस वर्षं वस्तू साफ करण्यात गेली, त्याने हा शब्द असा टाळावा याचं मला सुरुवातीला हसू यायचं. फार झालं तर ते म्हणत, “मर्यादेत आला.” तेही कागद लावून, मीटर धरून, आकडा दोनदा बघून झाल्यावर.

२०१४ साली मी त्यांच्या विभागात रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. केंद्र समुद्रकाठी. मी डहाणूहून यायची, ते वाणगावच्या पलीकडल्या एका पाड्यावरून सायकलने स्टेशनपर्यंत आणि तिथून कामगारांच्या बसने. अणुवीज केंद्रात पंप, व्हॉल्व्ह, नळ यांच्या अंगावर वापराने एक काळपट थर धरतो. दिसायला गंजासारखा, पण त्यात किरणोत्सर्गी कण अडकून बसलेले असतात. अशी वस्तू दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातात तशीच देता येत नाही. ती आधी आमच्याकडे येते. परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात ती भिजवायची, थर सैल झाला की सौम्य ॲसिडच्या टाकीत सोडायची, मग धुवायची आणि तपासायची. हे सगळं मी समीकरणांसकट शिकून आले होते. जयरामभाऊ दहावी नापास होते.

“घरी करपलेलं पातेलं कसं घासता, मॅडम?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“आधी भिजत घालते.”

“मग अर्धं काम तुम्हाला येतं. उरलेलं अर्धं म्हणजे किती वेळ भिजवायचं ते. ते कुणी सांगून येत नाही.”

त्या दिवशी टाकीतून एक व्हॉल्व्ह बाहेर आला. लग्नातल्या भांड्यासारखा लखलखत होता. मी सहज म्हणाले, “वा, स्वच्छ झाला.”

“चकचकीत झाला,” ते म्हणाले. त्यांनी गोल कागदाचा तुकडा व्हॉल्व्हच्या आतल्या खोबणीतून हलक्या हाताने फिरवला आणि मीटरखाली धरला. मीटर कडकड वाजायला लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. व्हॉल्व्ह परत साखळीला अडकवला आणि टाकीत सोडला. मला चूक दाखवून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायला हवा होता, तो नव्हता. एखाद्या आजाऱ्याचा ताप उतरला नाही म्हणून वाटावं, तसं काहीतरी होतं.

ते उंचीला कमी, अंगाने काटक, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायचे. त्यांच्याकडे एक वही होती. सरकारी नोंदी वेगळ्या असायच्या. ही त्यांची स्वतःची, टाकीशेजारच्या खणात ठेवलेली. एकदा त्यांनी मला ती वाचू दिली. ‘लांब शाफ्ट. दोन वेळा बुडवला. ऐकला.’ ‘तोच व्हॉल्व्ह, तिसऱ्यांदा आला. दमलाय.’ ‘छोटा पंखा. ॲसिड जास्त झालं. चूक माझी.’ मी विचारलं, हे कशासाठी लिहिता? “पुढच्या वेळी तो आला की ओळख असावी,” ते म्हणाले.

बागेतले चिकू ते अधूनमधून आणायचे. आत खाण्याची वस्तू न्यायला बंदी, म्हणून पिशवी बाहेरच्या कँटीनमध्ये ठेवायचे आणि सुटी झाल्यावर प्रत्येकाला दोन-दोन वाटायचे. पिकलेला कुठला आणि उद्या पिकणारा कुठला हे बोट न लावता सांगायचे.

एकदा एका पंपाचा मोठा पंखा आला. नवा मागवला तर यायला कित्येक महिने लागले असते, आणि आमच्या साहेबांना तो त्याच पाळीत हवा होता. साहेब म्हणाले, ॲसिड दुप्पट करा. मीही कागदावर हिशेब करून म्हणाले की चालण्यासारखं आहे.

“चालेल,” जयरामभाऊ म्हणाले. “मळ जाईल. पंखाही जाईल.”

“मग काय करायचं?”

“बसायचं.”

आणि ते खरंच बसले. टाकीपासून ठरलेल्या अंतरावर स्टूल टाकून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. मध्येच उठायचे, पंखा वर घ्यायला लावायचे, बघायचे, पुन्हा सोडायचे. साहेब दोनदा येऊन रागावून गेले. पाळी संपायला थोडा वेळ असताना त्यांनी पंखा शेवटचा वर काढला, आणि कागदावर आकडा मर्यादेत आला. पंख्याच्या कडा जशाच्या तशा होत्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली, तर हे म्हणतात, “साहेब, धुतलेलं पाणी जास्त झालंय. खालच्या टाकीवाल्यांना कळवा. आपलं संपलं, त्यांचं आता सुरू होईल.” ते पाणी साठवून त्यावर प्रक्रिया करणारी माणसं वेगळी होती, दुसऱ्या इमारतीत. जयरामभाऊंनी त्यातल्या प्रत्येकाचं नाव पाठ केलं होतं. कुणी जास्त पाणी ओतलं की ते त्या माणसांची नावं घेऊन रागवायचे.

असा हा माणूस. त्यांचं दुःख मला बरंच उशिरा कळलं.

त्यांना एकच मुलगी, सुनंदा. तलासरीकडच्या एका पाड्यावर दिलेली. २०१५ मध्ये तिला मुलगा झाला, दिवस भरायच्या आधीच. बाळ अगदी लहान होतं. बारशाला जयरामभाऊ गेले, त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. त्यानंतर आठवड्याभरात बाळाला न्यूमोनिया झाला आणि ते गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं: कमी वजन, कच्ची फुप्फुसं. पण घरात कुणीतरी म्हणालं की आजोबा अणूत काम करतो, त्याच्या हाताला ते लागलेलं असतं, आणि त्या हातांनी त्याने पोराला घेतलं.

त्यानंतर सुनंदा माहेरी आली नाही.

जयरामभाऊंनी हे आम्हाला कुणालाही सांगितलं नाही. सुट्टी घेतली, परत आले, टाकीवर उभे राहिले. फरक पडला तो एवढाच की बाहेर पडताना हातपाय तपासायच्या यंत्रावर ते दोनदा उभे राहायला लागले. यंत्र हिरवा दिवा दाखवायचं, मागची रांग खोळंबायची, आणि हे पुन्हा हात आत घालायचे. लोक चिडायचे. एकदा मीही म्हणाले, “भाऊ, एकदा झालं ना?”

“हो,” ते म्हणाले, आणि बाजूला झाले. पण सगळी रांग गेल्यावर ते पुन्हा यंत्राकडे वळले, ते मी बघितलं.

२०१७ मध्ये, एका शनिवारी, ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. नेहमीसारखे खांद्याकडे बघत.

“मॅडम, तुम्ही तलासरीला याल का माझ्याबरोबर? उद्या.”

मग पहिल्यांदा त्यांनी सगळं सांगितलं. सुनंदाला आता दुसरा मुलगा झाला होता, वर्षाचा झाला होता, आणि त्यांनी त्याला अजून बघितलं नव्हतं. “मी सांगून ऐकत नाहीत. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगितलं तर...” मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण मला आधी एक विचारायचंय. पहिल्या बाळाच्या आधी, महिनाभर असेल, माझं मनगट वाजलं होतं. तुम्हाला आठवतं?”

मला आठवत होतं. हातमोज्याच्या कडेतून एक थेंब आत गेला होता. त्यांनी साबणाने हात धुतला, पुन्हा धुतला, पुन्हा धुतला. आकडा शून्यावर आल्याशिवाय तपासणीवाल्यांनी सोडलं नाही आणि आला तरी हे निघेनात. त्यांची बस चुकली होती.

“शून्य आलं होतं, भाऊ. माझ्यासमोर.”

“तीनदा आलं होतं.”

“मग?”

“मग काही नाही. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डहाणूहून एसटीने निघालो. मला चौथा महिना होता. ते कळल्यावर त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि खड्डा आला की स्वतःच दचकायचे. त्यांच्याकडे एक कागद होता. दरवर्षी आमच्या सगळ्यांच्या शरीराची तपासणी होते, आत किरणोत्सर्गी काही शिरलं आहे का ते बघतात. त्याची प्रत त्यांनी अर्ज करून मागून घेतली होती आणि डहाणूच्या बाजारात लॅमिनेट करून घेतली होती. वाटभर ते तो कागद शर्टाच्या बाहीने पुसत होते.

पाड्यावर पोचल्यावर ते घरापासून लांब, आंब्याखाली थांबले. “तुम्ही जा. तुम्ही बोलावलं की येतो.”

सुनंदाची सासू साधी बाई होती. मला वाटलं होतं ती भांडेल. तिने माझ्यासाठी बाज टाकली, कोरा चहा केला. “बसा ना बेन. उन्हातनं आलात.” मी तिला समजावलं, जमेल तितकं सोपं करून. आत जाताना आम्ही सगळे कपडे बदलतो, बाहेर येताना अंगाचा कणनकण तपासला जातो, काही राहिलं तर यंत्र ओरडतं आणि दार उघडत नाही. हा काही आजार नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मी कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि अदबीने मला परत दिला.

“तुम्ही सांगता ते खरंच असेल,” ती म्हणाली. “तुम्ही कशाला खोटं सांगाल? पण माझा नातू गेला, ते पण खरं आहे ना?”

डॉक्टरांचं सांगणं मी पुन्हा सांगितलं. ती मान हलवत राहिली.

सुनंदा दारात उभी होती, मूल कडेवर. मूल गुटगुटीत होतं, तिच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. ती माझ्याबरोबर अंगणाच्या टोकापर्यंत आली. तिथून आंब्याखाली बाप दिसत होता. बापानेही तिला बघितलं. त्याने हात वर केला नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला.

“बाबांना सांगा, मी रागावलेली नाही,” ती म्हणाली. “त्यांनी काही केलं नाही, मला माहीत आहे. पण मला भीती वाटते, ताई. काय करू?”

तिने मुलाला दोन्ही हातांनी उंच धरलं, बापाला नीट दिसावं म्हणून. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग ती आत गेली.

बसमध्ये जयरामभाऊंनी एकच वाक्य काढलं. “कान माझ्या आईसारखे आहेत त्याचे.”

मी रागात होते. त्या घरावर, त्यांच्या अडाणीपणावर, दोन वर्षं एका म्हाताऱ्याला आंब्याखाली उभं करणाऱ्या भीतीवर. घरी येऊन नवऱ्याला मी तावातावाने सगळं सांगितलं. तो बोर्डीच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तोही हळहळला. आम्ही दोघांनी मिळून शिक्षण, समाज वगैरे बरंच काही बोलून घेतलं.

त्याच वर्षाच्या शेवटी मला मुलगी झाली. ती दीड महिन्याची असताना एका रविवारी सकाळी जयरामभाऊ डहाणूला आमच्या घरी आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. पिशवीत चिकू, एक नारळ, आणि बाजारातून आणलेलं पिवळं झबलं. दारातच त्यांनी विचारलं, “हात कुठे धुऊ?” आणि मोरीत जाऊन बराच वेळ धूत राहिले. मी आतून म्हणाले, “पुरे हो भाऊ.”

ते बाहेर आले. मी खुर्चीत बसले होते, मुलगी माझ्या मांडीवर जागी होती. ते वाकले. त्यांचे हात पुढे आले, ओले, स्वच्छ धुतलेले, बोटांच्या पेरांवर जुन्या ॲसिडचे पांढरट डाग असलेले. आणि माझा हात मुलीच्या पाठीखाली घट्ट झाला. मी तिला माझ्याकडे ओढलं. जेमतेम चार बोटं. मी ते ठरवून केलं नाही. माझ्याइतकं त्या हातांबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचे आकडे मी वर्षानुवर्षं वाचले होते.

मी लगेच हात सैल केला. “घ्या ना भाऊ,” म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

ते सरळ उभे राहिले होते. हसले. “नको, मॅडम. मला जरा सर्दी आहे. लहान लेकराला लागायची. लांबूनच बघतो.”

त्यांना सर्दी नव्हती. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होते; त्यांना सर्दी झाली की विभागभर ऐकू यायचं. मला लाज वाटू नये म्हणून त्यांनी ते तिथल्या तिथे बनवलं होतं. मग ते समोर सतरंजीवर बसले, चहा घेतला, माझ्या नवऱ्याशी बोर्डीच्या बागांबद्दल बोलले, आणि मुलगी रडायला लागली तेव्हा लांबूनच जिभेने टॉक टॉक आवाज काढून त्यांनी तिला गप्प केलं. निघताना मला म्हणाले, “छान आहे. जपा.”

मी माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. मागायला गेले असते तर त्यांनी पुन्हा सर्दीचंच सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नाही.

२०१८ मध्ये ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांना ती वही घरी न्यायची होती. तीस वर्षांच्या ओळखी होत्या त्यात. त्यांनी स्वतःच ती तपासायला घेतली, पानापानाला मीटर दाखवत. मधल्या एका पानाच्या कोपऱ्यावर आकडा थोडा वर गेला. मी म्हणाले, “भाऊ, तेवढा कोपरा कापून टाकू. बाकीची न्या. परवानगीचं मी बघते.”

त्यांनी वही मिटली. “दुसऱ्या कुणाची असती तर मी सोडली असती का?” त्यांनी ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, पिशवीला गाठ मारली, वर चिठ्ठी लावली. तारीख घातली, सही केली. सत्काराच्या वेळी साहेबांनी त्यांच्याबद्दल चांगलं भाषण केलं. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठले आणि म्हणाले, “माझ्या हातून कुणाला काही लागलं असेल तर...” लोकांना वाटलं, मन दुखावलं असेल असं म्हणतायत, लोकांनी “नाही, नाही” म्हणून टाळ्या वाजवल्या. ते तसेच खाली बसले.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर ते गेल्याचं कळलं. झोपेतच गेले, हृदय थांबलं. आमच्या कामाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तेही मला दोन-तीन जणांना समजावून सांगावं लागलं.

त्याआधी, उन्हाळ्यात, मी त्यांना एकदा बघितलं होतं. मी वाणगावला भाजी घ्यायला उतरले होते. सुनंदाच्या नवऱ्याला बोईसरच्या एका कंपनीत काम लागलं होतं आणि त्या दोघांनी वाणगावला खोली घेतली होती, सुनंदाचं बापाकडे येणंजाणं सुरू झालं होतं, हे मला विभागातल्या कुणीतरी सांगितलं होतं. भाजी घेताना पाहिलं तर जवळच, स्टेशनच्या पुलाच्या पायथ्याशी सुनंदा, तिचा मुलगा आणि जयरामभाऊ उभे होते. मुलगा तीनेक वर्षांचा झाला होता. सुनंदाच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

मुलाने आजोबांकडे बघून हात वर केले. “उचल.”

जयरामभाऊंनी सुनंदाकडे बघितलं.

“घ्या ना बाबा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात कसलाच आडपडदा नव्हता. “माझे हात मोकळे नाहीत.”

मी भाजीवाल्याशेजारी थांबले. मला वाटलं, आता घेतील. मला तसं व्हायला हवं होतं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

“मोठा झालास तू,” ते मुलाला म्हणाले. “चढ बघू. मी आहे मागे.”

सुनंदाने पिशव्या सावरल्या. ती पुढे चढायला लागली. मुलगा कुरकुरला, मग एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढू लागला. त्याच्या मागे एक पायरी सोडून जयरामभाऊ. कमरेत वाकलेले, दोन्ही हात मुलाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले. मुलगा डावीकडे झुकला की डावा हात सरकायचा, उजवीकडे गेला की उजवा. पूर्ण जिना ते तसेच चढले. वरपर्यंत हात कुठेही मुलाला लागले नाहीत.